फ्रान्सच्या कालव्यांवर प्रथमच बोट चालवणाऱ्यांसाठी: लॉक, मार्ग आणि वेळेचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सप्टेंबरमध्ये सहा जणांना, त्यांत सत्तरी गाठलेल्या आई-बाबांना घेऊन, फ्रान्समध्ये एक आठवडा भाड्याची बोट स्वतः चालवायची आहे; बोटीचा अनुभव कोणालाच नाही; ओळखीच्या एकाने बर्गंडीचा कालवा सुचवला आहे; आणि लॉक ओलांडण्याची सर्वांनाच धास्ती वाटते आहे. दिवसाला किती किलोमीटर धरावेत, असेही तुम्ही विचारले आहे. भाड्याची बोट ताब्यात देण्यापूर्वी नवख्या मंडळींना ती चालवायला शिकवणे हे माझे काम असल्यामुळे ही धास्ती मला चांगली परिचयाची आहे. तिच्यात तथ्य आहे, पण ती चुकीच्या जागी एकवटलेली असते. लोक पाण्याला आणि दरवाजांना भितात, प्रत्यक्षात सांभाळायचे असतात ते दोर आणि स्वतःची घाई. तेव्हा सहल जरूर करा. मात्र पहिल्या खेपेस बर्गंडीचा कालवा नको, आणि नियोजन किलोमीटरवर न करता लॉकच्या संख्येवर करा.

आधी लॉक म्हणजे काय ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण एकदा ते डोक्यात बसले की पुढच्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. कालव्याचा प्रत्येक टप्पा सपाट असतो आणि दोन टप्प्यांमधली उंची एका दगडी कोठीत पार केली जाते. कोठीच्या दोन्ही टोकांना दुपाखी दरवाजे असतात. ते मिटल्यावर त्यांचे टोक वरच्या पाण्याच्या दिशेला येते, त्यामुळे वरचे पाणीच त्यांना घट्ट दाबून धरते. दरवाजांतल्या किंवा भिंतींतल्या झडपा उघडल्या की वरचे पाणी कोठीत उतरते किंवा कोठीतले पाणी खाली जाते, आणि बोट त्याबरोबर वर येते किंवा खाली जाते. कुठेही पंप नाही. सगळे काम गुरुत्वाकर्षण करते. दोन्ही बाजूंची पातळी सारखी होईपर्यंत दरवाजा उघडत नाही, कारण सव्वापाच मीटर रुंदीच्या दरवाजावर दहा सेंटीमीटरचा फरक शिल्लक असला तरी टनाहून अधिक भार असतो. म्हणून दरवाजा हलत नाही असे दिसले की जोर लावू नका, थांबा. पातळी मिळाली की तो थोड्या जोरातही सरकू लागतो.

या सव्वापाच मीटरांमागे एक इतिहास आहे. १८७९ मध्ये शार्ल द फ्रेसिने हे सार्वजनिक बांधकाम मंत्री असताना फ्रान्सने मुख्य जलमार्गांवरील लॉकचे माप ठरवून दिले: सुमारे ३९ मीटर लांबी आणि ५.२ मीटर रुंदी. याच मापात बसणारी ३८.५ मीटरची मालवाहू पेनिश बोट पुढे देशभर फिरू लागली. अडीच मीटर उंचीचे असे एक लॉक एकदा भरायला सुमारे ५०० घनमीटर, म्हणजे ५ लाख लिटर पाणी लागते, आणि ते दर वेळी कालव्याच्या माथ्यावरून खाली निघून जाते. कोरड्या उन्हाळ्यात काही कालव्यांवर लॉकचे तास कमी होतात, बोटींना एकत्र थांबवून एकाच वेळी सोडले जाते, आणि क्वचित एखादा पट्टा बंदही ठेवला जातो, त्याचे कारण हेच आहे. तुम्हाला एकट्यासाठी लॉक न उघडता मागच्या बोटीची वाट पाहायला सांगितले, तर त्यात कोणाचाही आडमुठेपणा नसतो.

बर्गंडीच्या कालव्याला माझा नकार आहे तो सौंदर्यावरून नव्हे. योन नदीवरच्या मिजेनपासून सोन नदीवरच्या सें-जां-द-लोनपर्यंतच्या या २४२ किलोमीटरांत १८९ लॉक आहेत, म्हणजे सरासरी दर सव्वा किलोमीटरला एक. माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ३७८ मीटर उंचीवर, पूयी-आं-ओक्सवा येथे तीन किलोमीटरांहून लांब बोगदा आहे. ज्यांना लॉक ओलांडण्यातच आनंद आहे अशा चार धडधाकट माणसांना हा कालवा अतिशय प्रिय वाटतो. पण ज्या कुटुंबात दोर धरण्यासाठी तीन-चारच माणसे उपलब्ध आहेत, तिथे तिसऱ्या दिवसापर्यंत खांदे भरून येतात आणि आई-बाबांना दिवसभर बोटीच्या कठड्यापाशी उभे राहावे लागल्यासारखे होते.

तुमच्यासाठी मी दक्षिणेतला मिदी कालवा निवडेन, आणि त्यातही त्रेब ते कोलोंबिए हा एकेरी मार्ग. हा कालवा पिएर-पॉल रिके यांनी बांधला. ते मिठावरच्या कराची वसुली करणारे अधिकारी होते, अभियंते नव्हते. १६६६ मध्ये चौदाव्या लुईने परवानगी दिली, कालवा १६८१ मध्ये खुला झाला, आणि त्याच्या काही महिने आधी, १६८० मध्ये, रिके वारले. अटलांटिककडे वाहणारे पाणी आणि भूमध्य समुद्राकडे वाहणारे पाणी यांच्यामधल्या नोरूझच्या माथ्यावर, १८९ मीटर उंचीवर, बारमाही पाणी कुठून आणायचे हा खरा पेच होता. त्यांनी मोंतान्य न्वार या डोंगररांगेतले ओहोळ अडवून, सें-फेरेओलचे धरण बांधून ते पाणी माथ्यापर्यंत आणले. साडेतीन शतके होत आली तरी तुमची बोट त्याच व्यवस्थेवर तरंगते. युनेस्कोने १९९६ मध्ये या कालव्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

तुलूज शहरापासून समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या खाऱ्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटरांत येथे साठ-पासष्ट लॉक आहेत, पण ते सारख्या अंतरावर नाहीत, आणि तुमच्या दृष्टीने हीच मोठी सोय आहे. त्रेबपासून आर्जांपर्यंतच्या पस्तीसेक किलोमीटरांत लॉक पाठोपाठ येतात. काही एकेरी, काही जोडलेले, आणि त्रेबचे तर एकाला एक लागून तीन कोठ्यांचे. आर्जां ओलांडले की पुढे जवळपास ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. कालवा डोंगराच्या उंचीरेषेला धरून वळणे घेत जातो आणि बेझिए शहराच्या आधी फोंसेरानच्या लॉकपाशी हा लांब सपाट टप्पा संपतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत हात तयार होतो, आणि मग उरलेले दिवस आई-बाबांना निवांत बसून पाहता येते. शिवाय नोरूझपासून समुद्राकडे जाताना प्रत्येक लॉक खाली उतरण्याचे असते, आणि नवख्यांसाठी उतरणे हे चढण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

उतरण्याची कृती अशी. लॉक भरलेले असते, त्यामुळे बोट आत शिरते तेव्हा तिचा काठ आणि लॉकचा काठ जवळजवळ एका पातळीत असतात. पुढचा आणि मागचा दोर घेऊन एक-एक जण सहज काठावर पाऊल टाकतो. उडी मारण्याची गरज नसते आणि मारूही नये. दोराचे एक टोक बोटीवर पक्के असते. दुसरे काठावरच्या लोखंडी खुंटाभोवती फिरवून परत बोटीवर आणायचे आणि हातात धरायचे. बांधायचे नाही. हे एक वाक्य सगळ्यांनी लक्षात ठेवले तरी माझे निम्मे काम झाले. पाणी खाली जाऊ लागले की बोट खाली जाते आणि दोर सोडत राहावा लागतो. दोर बांधलेला असेल तर बोट त्या बाजूने लटकते, काही क्षणांत कलंडू लागते, आणि ताणलेला दोर मग कोणालाही हाताने सोडवता येत नाही. म्हणून दोराच्या सुट्या टोकाला गाठ नसावी, त्याचे वेटोळे पायाखाली नसावे, आणि तो हाताच्या मुठीभोवती कधीही गुंडाळू नये.

उतरताना दुसरा धोका मागच्या बाजूला असतो. वरच्या दरवाजांच्या खाली कोठीत दगडी उंबरठा पुढे आलेला असतो. लॉक भरलेले असताना तो पाण्याखाली दडलेला असतो आणि पाणी ओसरले की उघडा पडतो. बोटीचे मागचे टोक त्यावर टेकले तर पुढचा भाग खाली जात राहतो आणि मागचा अडकून राहतो. हा प्रसंग गंभीर असतो, पण टाळायला अगदी सोपा आहे: बोट पुरेशी पुढे घ्या, पण इतकीही नाही की ती खालच्या दरवाजाला टेकेल. भिंतीवर अनेक ठिकाणी या उंबरठ्याची मर्यादा रंगाच्या पट्ट्याने दाखवलेली असते. पाणी ओसरत असताना एका माणसाने फक्त मागच्या टोकाकडे पाहत राहावे. दुसरे कोणतेही काम त्याच्याकडे देऊ नये. हे काम तुमच्या बाबांना देता येईल, कारण त्यासाठी ताकद नव्हे, लक्ष लागते. काहीही अडल्यासारखे वाटले तर त्यांनी मोठ्याने हाक द्यावी आणि लॉकवरच्या कर्मचाऱ्याने झडपा बंद कराव्यात, एवढे पुरेसे असते.

चढताना परिस्थिती उलटी होते. तुम्ही ओल्या, शेवाळलेल्या भिंतींच्या खोल कोठीत शिरता आणि दोर अडकवायचे खुंट डोक्याच्या वर दोन-तीन मीटर असतात. म्हणून लॉकच्या अलीकडच्या धक्क्यावर एका चपळ माणसाला उतरवायचे, त्याने चालत वर जायचे आणि बोटीवरून फेकलेले दोर खुंटांभोवती घेऊन परत द्यायचे. भिंतीतल्या शिडीवरून चढायचे टाळा. तिच्यावर बुळबुळीत थर असतो. झडपा उघडल्या की पाणी समोरून उसळत येते, बोट आधी मागे ढकलली जाते आणि मग पुढे ओढली जाते. त्यामुळे वरच्या दरवाजापासून अंतर राखा, पुढच्या दोरावर चांगले लक्ष ठेवा, आणि बोट वर येईल तसतसा ढिला पडणारा दोर सतत ओढून घेत राहा. पुढच्या बाजूच्या खिडक्या आधीच बंद करा, कारण जुन्या दरवाजांच्या फटींतून येणारी पाण्याची धार थेट बिछान्यावर पडते. कडेला लटकवलेले फेंडर, म्हणजे धक्का झेलणारे फुगीर गोळे, काठाच्या खाचेत अडकत नाहीत ना, तेही पाहत राहा.

एक सूचना दोन्ही वेळची आहे आणि ती मी कितीही वेळा सांगायला तयार आहे: बोट भिंतीवर आपटेल असे वाटले तर हात किंवा पाय मध्ये घालू नका. अशी बोट कित्येक टनांची असते. फेंडर त्यासाठीच असतात, आणि बोटीला पडलेला ओरखडा ही क्षुल्लक गोष्ट आहे. आई-बाबांनी आणि पोहता न येणाऱ्या प्रत्येकाने लॉकमध्ये लाइफ जॅकेट घालावे. चालवणाऱ्याने बोट स्थिर झाल्यावर इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवावे, म्हणजे कोणी पाण्यात पडलेच तर मागचा पंखा फिरत नसेल.

मिदी कालव्याच्या लॉकची आणखी एक खासियत तुम्हाला पहिल्याच दिवशी जाणवेल. त्यांच्या कोठ्या सरळ नसून मधोमध फुगीर, अंडाकृती आहेत. बांधकामाच्या सुरुवातीच्या काळात सरळ भिंतीचे एक लॉक मातीच्या दाबाने ढासळले, त्यानंतर रिके यांनी भिंतींना कमानीसारखा बाक दिला. कमान आडवी पडून मागच्या मातीचा भार पेलते. भिंती टिकल्या, पण सरळ काठाची बोट वक्र भिंतीला एकाच ठिकाणी टेकते आणि तिथे ती डोलत राहते. म्हणून मधला फेंडर भरीव आणि योग्य उंचीवर असायला हवा, आणि दोन्ही दोर सारख्या ताणाने धरायला हवेत. गर्दीच्या दिवशी एका कोठीत तीन-चार बोटी घेतल्या जातात. शेजारच्या बोटीतल्या लोकांशी आधी बोलून कोण कुठे थांबणार हे ठरवून घेतले, की आत गोंधळ होत नाही.

लॉक चालवणारा कर्मचारी, ज्याला फ्रेंचमध्ये एक्लूझिए म्हणतात, कुठे प्रत्यक्ष हजर असतो, कुठे नियंत्रण दुरून होते, आणि इतर काही कालव्यांवर तुम्हालाच यंत्रणा सुरू करावी लागते: पाण्यावर टांगलेला दांडा पिळायचा, किंवा दिलेल्या रिमोटचे बटण दाबायचे, आणि आत शिरून दोर धरल्यावर भिंतीवरचा निळा दांडा वर उचलायचा. शेजारचा लाल दांडा फक्त संकटासाठी असतो. दिव्यांचा अर्थ सोपा आहे: लाल म्हणजे थांबा, लाल आणि हिरवा एकत्र म्हणजे लॉक तयार होत आहे, फक्त हिरवा म्हणजे या, आणि दोन लाल म्हणजे लॉक बंद आहे. कर्मचारी असेल तिथे आधी ‘बाँजूर’ म्हणा आणि मगच काही विचारा. या अभिवादनाला तिथे फार महत्त्व आहे. अनेक लॉकघरांच्या दारात अंडी, मध किंवा भाजी विकायला ठेवलेली असते. पुइशेरिकजवळच्या एग्वीय लॉकवर तर तिथल्या कर्मचाऱ्याने टाकाऊ लाकूड आणि लोखंडातून घडवलेल्या आकृती मांडलेल्या आहेत. तिथे रांग असली तर ती सत्कारणी लागते.

आता वेळेचा हिशेब. कालव्यावरची वेगमर्यादा साधारण ताशी ६ ते ८ किलोमीटर असते आणि ती काठ धुपू नयेत म्हणून पाळायची असते. हिशेबासाठी ताशी ६ धरा आणि प्रत्येक लॉकसाठी पंधरा ते वीस मिनिटे, जोडलेल्या लॉकसाठी त्याहून अधिक. म्हणजे १२ किलोमीटर आणि ८ लॉक असलेला दिवस साडेचार तासांचा होतो. पाच तासांहून अधिक चालवायचे नाही असे आधीच ठरवा, कारण लॉक सकाळी ९ च्या सुमारास सुरू होतात, बहुतेक ठिकाणी दुपारी तासभर बंद असतात आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळेला थांबतात. भाड्याच्या बोटींना रात्री चालवण्याची परवानगीही नसते. वेळा आणि सुट्ट्या दर वर्षी बदलू शकतात, म्हणून जलमार्गांचे व्यवस्थापन करणाऱ्या व्हीएनएफ या सरकारी संस्थेचे त्या वर्षीचे वेळापत्रक पाहा. त्रेब ते कोलोंबिए हे अंतर ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे. एका आठवड्याला ते आरामात पुरते, आणि वाऱ्याचा एखादा दिवस वाया गेला तरी ओढाताण होत नाही. वाऱ्याचे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या भागात त्रामोंतान नावाचा जोरदार वायव्य वारा वाहतो आणि उंच, सपाट बुडाच्या बोटी त्यात बाजूला ढकलल्या जातात. अशा दिवशी बांधून राहणेच शहाणपणाचे.

वाटेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे, पण दोन ठिकाणी चालवणाऱ्याने सावध असावे. रेप्युद्रचा १६७६ मध्ये पुरा झालेला पूल कालव्यालाच नदीवरून नेतो, आणि तो एका वेळी एकाच बोटीच्या रुंदीचा आहे. कापेस्तांचा दगडी पूल त्याच्या कमी उंचीसाठी ओळखला जातो. छतावरच्या खुर्च्या, सायकली, छत्री सगळे खाली घ्या आणि कमानीच्या अगदी मधोमध बोट ठेवा. त्यानंतर मालपासचा सुमारे १६५ मीटरचा बोगदा लागतो, जो कालव्यावरच्या बोटींसाठी खोदलेला पहिला बोगदा मानला जातो. तिथे थांबून वरच्या आंसेरूनच्या टेकडीवर जा. खाली मोंतादीचे तेराव्या शतकात कोरडे केलेले तळे दिसते, आणि त्यातली शेते चाकाच्या आऱ्यांसारखी एका केंद्राकडे धावतात. कोलोंबिएला बोट परत केल्यावर फोंसेरानची पायऱ्यांसारखी एकाला एक जोडलेली लॉकची रांग काठावरूनच पाहा. मूळ आठ कोठ्यांतून साडेएकवीस मीटरांचा उतार पार करणारी ती रचना पहिल्याच आठवड्यात बोटीने उतरण्याचा अट्टहास नको.

संध्याकाळी बोट बांधताना झाडांना दोर लावू नका. काठावरचे प्लॅटन वृक्ष, जे आपल्या काश्मीरच्या चिनाराच्याच जातकुळीतले आहेत, २००६ पासून एका बुरशीजन्य रोगाने मरत आहेत. हजारो झाडे तोडावी लागली, त्या जागी दुसरी लावली जात आहेत, आणि खोडाला झालेली छोटी जखमही रोगाला वाट देते. यामुळे झाडांना बोट बांधण्यास मनाई आहे. बोटीवर लोखंडी खुंट्या आणि हातोडा दिलेला असतो; त्या काठात तिरक्या ठोकायच्या आणि दोर सायकलमार्गावर आडवा येऊ द्यायचा नाही. सायकली मात्र अवश्य घ्या, कारण गावातून पाव आणि भाजी आणण्यासाठी त्या लागतातच. छोट्या गावांतली दुकाने रविवारी दुपारनंतर आणि बऱ्याचदा सोमवारी बंद असतात, तेव्हा शनिवारीच शिधा भरून ठेवावा. बोटीवर गॅसची शेगडी असते, वरण-भात आणि पोळ्या सहज होतात, आणि शाकाहारी मंडळींचे आईबाबांसह उत्तम निभते.

परवान्याची चिंता नको. फ्रान्समध्ये भाड्याच्या सहलीच्या बोटीसाठी नौकापरवाना लागत नाही. कंपनी थोडे प्रशिक्षण देऊन त्या मुदतीपुरते एक कार्ड देते. ते प्रशिक्षण मात्र घाईने उरकू देऊ नका. बहुतेक बोटी शनिवारी दुपारी ताब्यात मिळतात, तुम्ही प्रवासाने दमलेले असता, आणि शिकवणाऱ्यासमोर आणखी चार कुटुंबे उभी असतात. तरीही निदान एक लॉक त्याच्याबरोबर ओलांडून दाखवण्याचा आग्रह धरा, आणि त्या वेळी घरातल्या दोघांनी सुकाणू हातात घ्यावे. आरक्षण करताना चार गोष्टी लेखी विचारून घ्या: एकेरी प्रवासाचे वेगळे शुल्क किती, इंजिनाच्या तासांप्रमाणे इंधन कसे आकारले जाते, अनामत रक्कम आणि नुकसानीची तुमच्यावरची मर्यादा काय, आणि बोटीला पुढच्या बाजूने आडवे सरकवणारा छोटा पंखा आहे का. शेवटची सोय असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. अंडाकृती लॉकमध्ये आणि वाऱ्यात तिचा फार उपयोग होतो. सहा जणांसाठी आठ जणांची बोट घेण्याचा मोह मात्र आवरा, कारण दीड-दोन मीटर जास्तीची लांबी पहिल्या आठवड्यात हाताळणे जड जाते.